कृती करून दाखव, मग गुण: शाळेतल्या कृती-आधारित मूल्यमापनाबद्दल खान्देशातले शिक्षक-पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शिक्षण परिषदेला, पालकसभेला आणि चहाच्या टपरीवर हे प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं पहिली ते आठवीच्या वर्गांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. दहावीचा विषय एकाच ठिकाणी आला आहे, कारण तो टाळता येत नाही.

कृती-आधारित मूल्यमापन म्हणजे नेमकं काय?

मुलाला काय पाठ आहे हे न विचारता, जे शिकलं ते वापरून त्याला एखादं खरं काम करायला लावायचं, ते काम आपल्या डोळ्यांसमोर होऊ द्यायचं आणि आधी सांगितलेल्या निकषांवर जोखायचं. पोहायला येतं की नाही हे विहिरीत उतरल्यावरच कळतं, तसंच हे. क्षेत्रफळाचं सूत्र लिहिणं ही आठवण झाली. शाळेच्या ओट्याला फरशी बसवायची तर किती लागेल हे मोजून, तुटफूट धरून सांगणं ही कृती.

या कृतीत मुलाला एक तरी निर्णय स्वतः घ्यावा लागला पाहिजे. निर्णय नसेल तर ती कृती नाही, हातांनी सोडवलेला स्वाध्याय आहे. खालच्या बहुतेक उत्तरांत हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी येईल.

हे नवीन खूळ आहे का? दोन वर्षांनी बंद पडेल?

नवीन मुळीच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या ज्ञानाच्या आकलनाचं आणि ते वापरण्याच्या क्षमतेचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करायला सांगितलं आहे. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ते लागू झालं. आकारिक (शिकता शिकता वर्षभर होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) हे शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी बसले. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित ३० टक्के, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६० ही विभागणीही तेव्हाचीच. आकारिकच्या साधनतंत्रांत तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे सगळं पहिल्यापासून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक त्याच वाटेने थोडं पुढे जातं. मुलाने स्वतःचं आणि वर्गमित्रांनी एकमेकांचं केलेलं मूल्यमापनही त्यात धरलं आहे.

म्हणजे कागदावर ही गोष्ट पंधरा वर्षं आहे. वर्गात ती किती उतरली, हा प्रश्न वेगळा. बऱ्याच शाळांत रकाने भरले गेले आणि कृती राहून गेली.

कृतिपत्रिका आणि हे एकच का?

नाही. कृतिपत्रिका लेखीच असते, फक्त प्रश्न विचारायची पद्धत बदललेली असते.

चांगली कृती ओळखायची कशी? एखादं गणितातलं उदाहरण द्या.

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या सातवीच्या वर्गासाठी ही कृती घ्या.

*‘१८० फूट लांब आणि १२० फूट रुंद शेतात ५ बाय ५ फुटांवर केळी लावायची आहे. रोपवाटिकेत किती टिश्यू रोपांची मागणी नोंदवाल? तुमचा आकडा शेतकऱ्याला पटवून द्या.’*

पहिलं मूल क्षेत्रफळ काढतं: २१,६०० चौरस फूट, भागिले २५, उत्तर ८६४. पुस्तकाच्या हिशोबाने झालं काम. दुसरं मूल ओळी मोजतं आणि बांधाला लागूनच पहिलं रोप धरतं. लांबीत ३७ आणि रुंदीत २५, म्हणजे ९२५. तिसऱ्याच्या घरी केळी आहे. तो म्हणतो, ‘सर, बांधाला चिकटून कोण लावतं? पाच फूट सोडायचे.’ त्याचं उत्तर ८०५. चौथ्या मुलीला आठवतं की घड बाहेर काढायला गाडीवाट लागते. ती मधोमध लांबीच्या दिशेने १० फुटांची वाट सोडते आणि ७९२ वर येते. मग कोणीतरी नांग्यांचा मुद्दा काढतं: काही रोपं मरणारच, पाच टक्के जास्त मागवा. ८६४ वर ४४ वाढवून ९०८.

पाच उत्तरं, आणि पाचही बरोबर असू शकतात. घोकून यातलं एकही येत नाही. इथे गुण आकड्याला द्यायचे नसतात. काय गृहीत धरलं हे मुलाने सांगितलं का, त्या गृहीतावरचा हिशोब चोख आहे का, आणि ‘वाट का सोडली नाहीस?’ असं विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर आहे का, याला गुण. ज्याने नुसतं ८६४ लिहिलं त्यालाही भागाकाराचे गुण मिळतातच, पुढचे मिळत नाहीत.

उलट ‘केळीच्या बागेचे चित्र काढून माहिती लिहा’ ही कृती दिसायला छान असते. मूल्यमापन म्हणून तिचा काही उपयोग नाही. तिच्यात गणितही नाही आणि निर्णयही नाही.

निकष कसे लिहायचे? इंटरनेटवरचे तक्ते फार मोठे असतात.

मोठे तक्ते घेऊ नका. एका कृतीला तीन निकष पुरे, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. प्रत्येक निकषाच्या तीन पायऱ्या करा आणि पायरीवर दिसणारी गोष्ट लिहा. ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘साधारण’ हे शब्द निकष नव्हेत, ते आपल्या मनातले शेरे आहेत. वरच्या केळीच्या कृतीत ‘गृहीत’ या निकषाच्या पायऱ्या अशा होतील: गृहीत सांगितलंच नाही, विचारल्यावर सांगितलं, आपण होऊन सांगितलं आणि कारणही दिलं. दोन शिक्षकांनी वेगवेगळं बसून गुण दिले तरी फारसा फरक पडणार नाही, इतकं हे स्पष्ट हवं.

निकष कृतीच्या आधी फळ्यावर लिहायचे. ‘आधी सांगितलं तर सगळेच तसं करतील,’ अशी भीती काही जण बोलून दाखवतात. सगळ्यांनी तसंच करावं म्हणून तर आपण शिकवतो!

पहिल्यांदा निकष वापराल तेव्हा चार-पाच मुलांचं काम दुसऱ्या वर्गाच्या मॅडमना किंवा सरांना जोखायला द्या. तुमचे आणि त्यांचे गुण फार लांब गेले तर मुलांना दोष न देता निकषाची भाषा सुधारा.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. विज्ञानाचं काय करायचं?

खान्देशात ज्या गावात ठिबक आहे तिथे प्रयोगशाळा शेतात पसरलेली आहे. एखाद्या पालकाची परवानगी घ्या, ठिबक चालू असताना मुलांना घेऊन जा. प्रत्येक गटाला एक ग्लास, एक मोजपात्र आणि घड्याळ द्या. ड्रीपरखाली तीन मिनिटं ग्लास धरायचा, जमलेलं पाणी मोजायचं आणि २० ने गुणायचं, की तासाचा प्रवाह मिळतो. ताशी ४ लिटरचा ड्रीपर असेल तर तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पडायला हवं. नळीच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे तीन ड्रीपर मोजायला सांगा. कुठे २०० येईल, कुठे १५०. मग प्रश्न: फरक का पडला आणि तुमचं म्हणणं खरं आहे हे कसं तपासाल? क्षार बसलेत, कचरा अडकलाय, दाब कमी पडतोय, अशी कारणं मुलं भराभर सांगतात. तपासायची युक्ती सांगताना मात्र अडतात, आणि विज्ञान तिथेच सुरू होतं.

हे करताना मुलांच्या हातांकडे बघा. एक मूल मोजपात्र सपाट दगडावर ठेवून, खाली वाकून, डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचतं. दुसरं उभ्या उभ्या वरून बघतं आणि आकडा ठोकून देतं. एक जण दुसऱ्यांदा मोजतो, कारण पहिल्या वेळी ग्लास कलला होता. लेखी पेपरात हा फरक कधीच दिसत नाही.

ठिबक नसेल तर उगवण चाचणी करा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत ज्वारीचे किंवा मुगाचे १०० दाणे मांडायचे, गुंडाळायचे, ओलावा टिकवायचा आणि आठवड्याने मोजायचे. शंभरातले ७२ उगवले तर पेरणीला बियाणं किती वाढवाल? एका दगडात विज्ञान आणि शेकडेवारी दोन्ही होतात. खर्च शून्य, आणि घरची मंडळी निकाल विचारायला शाळेत येतात.

भाषेत काय करता येईल? निबंध आणि प्रकटवाचन तर आहेच.

प्रकटवाचन चांगलंच आहे, पण ऐकणाऱ्याला काही कळलं का हे कोणी विचारत नाही. म्हणून ऐकणारा मध्ये आणा. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. सहावीच्या मुलांना सांगा: आजी किंवा आई बिबडे करताना बघा आणि ज्याने ते कधीच केले नाहीत त्याला करता येतील अशी कृती लिहा. मग वह्या बदला. वाचणाऱ्याने जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. ‘ज्वारी भिजवावी’ – किती दिवस? ‘नंतर थापावेत’ – कशावर, गरम असताना की गार झाल्यावर? खुणा पाहून मुलाने पुन्हा लिहायचं. गुण दोन्ही मसुदे शेजारी ठेवून द्यायचे: वाचणाऱ्याच्या किती शंका दुसऱ्या मसुद्यात फिटल्या?

श्रावणात कानबाईच्या (खान्देशातल्या देवीच्या उत्सवाच्या) वेळी गाणी गोळा करणं, ती म्हणणाऱ्या बाईची मुलाखत घेणं हेही छान होतं, कारण शाळा सुरू असते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्याच्या गाण्यांचं मात्र अवघड आहे. तोवर वर्ष संपत आलेलं असतं किंवा सुट्टी लागलेली असते.

मूल अहिराणीत किंवा पावरीत बोललं तर गुण कापायचे का?

गणित-विज्ञानात अजिबात नाही. ‘माले माहीत शे’ म्हणून मुलाने ठिबकचं कारण बरोबर सांगितलं तर कारणाचे पूर्ण गुण द्यायचे. आपण त्या वेळी विज्ञान तपासत असतो. नंदुरबारकडे अक्कलकुवा-धडगाव-नवापूरच्या शाळांत पहिली-दुसरीची मुलं भिली, पावरी, मावची बोलत येतात. त्यांच्याकडून प्रमाण मराठीत तोंडी उत्तर मागितलं तर आपण गणित न तपासता मराठी तपासून मोकळे होतो. शिक्षकाला ती बोली येत नसेल तर मोठ्या वर्गातलं मूल दुभाषी म्हणून बसवा.

मराठीच्या तासाला मात्र बोलीवरून प्रमाण भाषेत जाणं हीच कृती होऊ शकते. ग्रामपंचायतीची पाणीपट्टीची सूचना वाचून आजीला अहिराणीत समजावून सांगायची आणि आजीची तक्रार प्रमाण मराठीत अर्ज म्हणून लिहायची. हे काम गावातली मुलं तसंही रोज करतात, आपण त्याला कधी गुण दिले नाहीत. ज्या भागातल्या बोलीत बहिणाबाई चौधरींची कविता उभी राहिली, तिथे बोलीला चूक म्हणणं जरा धाडसाचंच आहे.

इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्राला कृती कशी बसवायची?

धुळे-साक्री भागात पांझरेवर फड पद्धत शतकानुशतकं चालत आली आहे. बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात त्या हंगामात एक पीक आणि पाणी पाळीने. वाटपावर पाटकरी, राखणीला जागल्या. त्या वर्षी पाणी किती आहे ते पाहून किती फड भिजवायचे हे शेतकरी मिळून ठरवत. सातवी-आठवीसाठी यातून एक सभा उभी राहते. नकाशावर चार फड आखून द्या आणि सांगा की यंदा पाणी तीनच फडांना पुरेल. एक गट बंधाऱ्याजवळच्या शेतकऱ्यांचा, एक पाटाच्या शेपटाकडच्यांचा, एक पाटकऱ्यांचा आणि एक ऊस लावायचा हट्ट धरणाऱ्यांचा. अर्ध्या तासात ठराव लिहून द्यायचा.

गुण देताना भाषण किती जोरात झालं ते बघू नका. मुलाने नकाशातली गोष्ट पुरावा म्हणून वापरली का, समोरच्याचा मुद्दा ऐकून आपलं म्हणणं बदललं का किंवा नेमकं खोडलं का, आणि ठराव अमलात येईल असा आहे का, हे बघा. नंतर बाजू उलटवा: बंधाऱ्याजवळच्या मुलाला शेपटाकडच्याच्या तोंडून बोलायला लावा. हे ज्याला जमलं त्याला नागरिकशास्त्र समजलं.

इतिहासासाठी १९७२ चा दुष्काळ घ्या, पाहिलेली माणसं अजून गावात आहेत. दोन वेगवेगळ्या घरांतल्या आजी-आजोबांना तेच प्रश्न विचारायचे: खायला काय होतं, कामावर कोण गेलं, गुरांचं काय झालं. दुष्काळात मिळणारी सुकडी आणि मिलो ज्वारी दोन्हीकडे येईल, बाकीच्या गोष्टी जुळणार नाहीत. मजुराच्या घरातली आठवण आणि विहीरवाल्याच्या घरातली आठवण वेगळी का, हे मुलाने मांडायचं. फैजपूरचं १९३६ चं काँग्रेस अधिवेशन किंवा नंदुरबारचा १९४२ चा शिरीषकुमारचा मोर्चा यांना हे जमत नाही. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता सहज भेटत नाही. तिथे जागा पाहून, फलक वाचून, पुस्तकाशी ताडून बघण्याची कृती द्यावी.

इंग्रजीचं?

भुसावळ जंक्शनची चौकशी खिडकी वर्गात मांडा. एक मूल प्रवासी, एक कर्मचारी, गाडी दोन तास उशिरा. प्रवाशाला हवी ती माहिती मिळाली की काम झालं. व्याकरणाची चूक अर्थाला आड आली तरच गुण कमी.

चित्रकला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण?

या विषयांत सगळं मूल्यमापन आकारिकच आहे आणि सगळं कृतीचंच असतं. तिथल्या शिक्षकांना आम्ही काय सांगायचं, त्यांच्याकडूनच शिकावं.

वर्गात पन्नास मुलं किंवा दोन शिक्षकांवर चार वर्ग. वेळ कुठून आणायचा?

सगळ्या मुलांची सगळी कृती एकाच दिवशी बघायची, हा हट्ट आधी सोडा. एका सत्रात एका विषयाच्या दोन नीट केलेल्या कृती पुरतात. एका तासाला दहा-बारा मुलांवरच नजर ठेवायची, बाकीची काम करत राहतात, त्यांची पाळी पुढच्या तासाला. खिशात घडी घातलेला कागद, त्यावर नावं आणि तीन निकष. खूण तिथल्या तिथे करायची. संध्याकाळी आठवून भरलेले गुण हे आपल्या मनातल्या हुशार-ढ यादीचे गुण असतात.

बहुवर्ग शाळेत एकच कृती दोन इयत्तांना देता येते. ठिबकचं पाणी चौथी मोजेल, पाचवी त्याचा तासाचा हिशोब करेल.

गटात एकच मूल राबतं, बाकीचे बघतात. गुण कसे द्यायचे?

काम गटाचं, गुण एकेकाचे. शेवटी गटातल्या कोणाही एकाला बोट दाखवून विचारा, ‘हा आकडा कुठून आला?’ कोणाला विचारणार हे आधी सांगू नका.

पालक विचारतात: प्रकल्प घरी दिला की आम्हालाच करावा लागतो. थर्माकोल, चार्टपेपर, चकचकीत कागद, दोनशे रुपये जातात.

तक्रार शंभर टक्के खरी आहे. पप्पांनी कापलेला आणि ताईने रंगवलेला ज्वालामुखी शाळेत येतो, त्याला अ-१ मिळतं, आणि ज्याचे आई-बाप दिवसभर कापूस वेचायला जातात त्याचा वहीच्या पानावरचा ज्वालामुखी ब-२ वर राहतो. यात मूल्यमापन झालं ते घरच्या ऐपतीचं. घरून आणायची ती फक्त माहिती, माप किंवा मुलाखत. जोडणी, मांडणी, लिखाण शाळेत आणि शिक्षकासमोर. निकषांत ‘आकर्षक मांडणी’ असेल तर तो आजच खोडा. पालकांनीही सभेत हे मोकळेपणाने बोलावं, बहुतेक शिक्षकांना ते मनातून पटलेलंच असतं.

या सगळ्यात नवोदय-स्कॉलरशिपची तयारी मागे पडणार नाही का?

लेखी परीक्षा कुठे गेलेली नाही. २०२३ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अटही परत आली आहे. बहुपर्यायी प्रश्न सोडवायचा सराव वेगळा लागतोच, तो जरूर करून घ्या. पण शाब्दिक उदाहरण वाचून ‘बेरीज करू की गुणाकार?’ असं विचारणारं मूल सरावसंच वाढवून सुधारत नाही. प्रसंग डोळ्यांसमोर आणायची सवय त्याला नसते, ती केळीच्या शेतासारख्या कृतींनी लागते.

शिक्षक सढळ हाताने गुण देतात, मग या गुणांवर विश्वास का ठेवायचा?

हा सगळ्यात बोचरा प्रश्न आहे आणि तो दहावीमुळे आला. तोंडी-अंतर्गतचे २० गुण अनेक शाळांत सरसकट १८-१९ मिळत. २०१८-१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते गुण काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल २०१९ ला ७७.१० वर आला, ओरड झाली आणि त्याच वर्षी ते गुण परत आणले. काढणं आणि परत आणणं दोन्ही घाईत झालं, असं आमचं मत आहे. तोंडी परीक्षेत दोष नव्हता. तिला निकष नव्हते आणि पुरावा नव्हता, ही अडचण होती.

म्हणून प्रत्येक कृतीचा एक पुरावा ठेवा: मोजमापाचा कागद, दोन मसुदे, मोबाइलवरचं मिनिटभराचं ध्वनिमुद्रण. सगळ्यांचा नाही, वर्गातल्या पाच-सहा जणांचा पुरे. कोणी विचारलं तर दाखवता येतो.

वर्णनात्मक नोंदींची पीडीएफ मिळेल का?

हा प्रश्न दर ऑक्टोबरला आणि एप्रिलला व्हॉट्सॲपच्या प्रत्येक गटावर येतो. मिळेल, ढिगाने मिळतील. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ ही ओळ चाळीस मुलांच्या पुढे लिहिली की नोंदवही पूर्ण होते आणि एकाही मुलाबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी एका मुलाची एकच नोंद, पण बघितलेली: ‘ग्लास कलला म्हणून पुन्हा मोजलं. सरासरी काढताना मदत लागली.’ पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला यातून काय करायचं ते समजतं. दिवसाला तीन मुलांच्या नोंदी केल्या तरी महिन्यात वर्ग पुरा होतो.

कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं काय?

दिवाळीनंतर ज्या गावात पट रोडावतो तिथे पहिल्या सत्राच्या मोठ्या कृती सप्टेंबरअखेर उरका. परत आलेल्या मुलाला राहिलेली कृती जशीच्या तशी देण्यात अर्थ नाही. ते मूल जिथून आलं तिथलं काम घ्या: वेचलेल्या कापसाचं वजन, किलोमागचा दर, आठवड्याचा हिशोब. निकष तेच, प्रसंग त्याचा. मुलाला कामाला लावणं बरोबर असं यातून कोणी समजू नये. ते मूल शाळेत टिकणं ही पहिली गरज आहे, आणि त्याला येतं त्यापासून सुरुवात केली तर टिकण्याची शक्यता वाढते.

दिव्यांग मुलांना वेगळे निकष लावायचे का?

शक्यतो निकष तेच, करून दाखवायची रीत वेगळी. लिहिता येत नसेल तर सांगू द्या, बोलता येत नसेल तर मांडून दाखवू द्या, वेळ वाढवून द्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी मात्र उद्दिष्टच त्याच्यापुरतं ठरवावं लागतं. तिथे विशेष शिक्षकांना सोबत घ्या.

सुरुवात कुठून करू?

येत्या महिन्यात शिकवायचा एक घटक निवडा. तो गावात कोण, कुठे वापरतं ते शोधा: गवंडी, रेशन दुकानदार, अंगणवाडी ताई, पिठाची गिरणी. त्या माणसाला रोज कोणता निर्णय घ्यावा लागतो ते त्यालाच विचारा. तो निर्णय मुलांपुढे ठेवा, तीन निकष लिहा आणि आधी स्वतः ती कृती करून बघा. किती वेळ लागतो, कुठे अडतं आणि वाक्यरचना कुठे फसवी आहे, ते तेव्हाच कळतं. मग फळ्यावर निकष लिहा आणि मुलांना सोडा.